पटासाठी लिहिलेली जन्मतारीख

मागच्या रविवारी फोनवर तुम्ही दोघांनी एकदमच विचारलंत, आजी, टीव्हीवर दाखवली ती फास्ट बॉलर भिवंडीची आहे म्हणे, तू ओळखतेस का तिला? मी विषय बदलून तुमच्या शाळेचं विचारलं. तुम्हाला वाटलं असेल, आजीला नीट ऐकू आलं नाही. नीट ऐकू आलं होतं.

ओळखते. ती माझी विद्यार्थिनी. मला ती आवडत नाही आणि तिला मी आवडत नाही. तिला मी का आवडत नाही, हे तुम्हाला दुसऱ्या कोणाकडून कळण्याआधी माझ्याकडून कळावं म्हणून हे लिहिते आहे. तुमची आई म्हणेल, मुलांना कशाला सांगतेस. पण या गोष्टीत तुमची आईही आहे, आणि तिला स्वतःला ते अर्धंच माहीत आहे.

नावं लिहीत नाही, गावाचंही नाही. दिघाशीच्या पुढे, वज्रेश्वरीच्या रस्त्यावरून आत वळलं की आदिवासी पाडे लागतात. त्यांतला एक, एवढं पुरे.

मी स्वतः इंग्रजी शाळेत शिकले, मुंबईला इंग्रजी घेऊन बी.ए. झाले, मग डी.एड. केलं. लग्न होऊन भिवंडीत आले आणि नोकरी मिळाली ती जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत. दोन खोल्या, दोन शिक्षक, पहिली ते चौथी. एसटी रस्त्यावर सोडायची, पुढे अर्धा तास पायी. दुसरे गुरुजी माझ्याहून सीनियर होते आणि दुपारनंतर फारसे दिसत नसत. पाड्यावरचे लोक पावसाळ्यात भात लावत, दिवाळीनंतर वीटभट्टीवर किंवा मजुरीला जात आणि मुलांना बरोबर नेत. शाळेत नाव एकाचं असायचं आणि बसलेलं असायचं दुसरंच.

शाळेच्या नावावर जितकी मुलं असतात त्याला पट म्हणतात. सप्टेंबरअखेरचा पट पाहून ठरतं की त्या शाळेला शिक्षक किती. पट घसरला की एक शिक्षक जास्तीचा ठरतो आणि जो ज्युनियर, त्याची बदली होते. ज्युनियर मी होते. त्या वर्षी जास्तीच्या शिक्षकांना मोखाड्याच्या बाजूला पाठवत होते, म्हणजे तिथेच खोली घेऊन राहायचं. तुमची आई तेव्हा दहावीत होती. आजोबा कोर्टात क्लार्क, सकाळी नऊला घराबाहेर. तिच्या दहावीच्या वर्षात घर सोडून जायची माझी तयारी नव्हती, आणि पट एका मुलाने कमी होता.

एक मुलगी होती. भावाबरोबर शाळेत यायची आणि दारात बसायची. साडेचार वर्षांची असेल. मी तिच्या आईला गाठलं. ती खाचरात उभी होती, मी बांधावर. म्हटलं, हिचं नाव घालू या पहिलीत. ती म्हणाली, "बारकी हाय बाई ती, अजून झोपते दुपारची." मी म्हटलं, झोपू दे, निदान खिचडी तरी खाईल.

रजिस्टरमध्ये तिचा जन्म एक जूनला झाला असं मी लिहिलं आणि साल असं घातलं की ती सहा वर्षांची व्हावी. एक जून ही काही माझी युक्ती नव्हे. शाळा जूनमध्ये उघडते, पाड्यावर कोणाला तारीख सांगता येत नाही, म्हणून सगळ्या तालुक्यातले गुरुजी डोळे मिटून एक जून लिहायचे. तुमच्या आईच्या ऑफिसातही एक जूनला वाढदिवस असलेले दोघंतिघं भेटतील. मीही विचारत नसे. माझ्या रजिस्टरात पानभर एक जून आहे, एकाखाली एक, सुवाच्य, कुठे खाडाखोड नाही. तपासणीला आलेल्या साहेबांनी ते पान दुसऱ्या शाळेतल्या बाईंना दाखवलं होतं, रजिस्टर असं ठेवावं म्हणून.

माझी बदली टळली. तुमची आई दहावीला चांगल्या मार्कांनी पास झाली.

आता ती मुलगी. लोक समजतात की अशा मुलीतले गुण शिक्षकाला आधीच दिसलेले असतात. मला काही दिसलं नव्हतं. दिसला तो उपद्रव. आमची शाळेची घंटा म्हणजे झाडाला टांगलेला रुळाचा तुकडा. दुसरीत असताना ही पोर विहिरीपाशी उभी राहून त्याला दगड मारायची आणि दर वेळी तो लागायचा. घंटा झाली म्हणून सगळी शाळा दप्तरं घेऊन बाहेर. मी तिला दोनदा छडी मारली. दुसऱ्यांदा तिने हात मागे घेतला नाही आणि माझ्याकडे बघत राहिली. सात वर्षांच्या मुलीने असं बघू नये असं मला तेव्हा वाटलं आणि आजही वाटतं. शिवाय ती अभ्यासात मागे होती. आता कळतं की ती मागे नव्हती, लहान होती. दीड वर्षाने मोठ्या मुलांत तिला मीच बसवलं होतं.

चौथीनंतर तिला दाखला दिला. त्यावर तीच तारीख. ती पुढच्या गावातल्या हायस्कुलात गेली, आणि माझ्या मते माझा तिच्याशी संबंध संपला.

तिला हेरलं ते भिवंडीतल्या एका कोचने. चार पॉवरलूमचा मालक, तरुणपणी क्लबकडून क्रिकेट खेळलेला. सकाळी लूम चालू करून द्यायचा आणि संध्याकाळी मैदानावर नेट लावून मुलांना शिकवायचा. तालुक्याच्या स्पर्धेत त्याने हिची भालाफेक पाहिली आणि हातात चामड्याचा बॉल दिला. तोवर तिची आई मानकोलीच्या गोदामात पॅकिंगला लागली होती आणि तिथेच खोली घेऊन राहत होती. मुलगी आईकडे राहायला आली आणि रोज नेटवर जाऊ लागली. हे मला सगळं नंतर कळलं. कोचचं म्हणणं, पहिल्या महिन्यात मुलं तिच्यासमोर हेल्मेटशिवाय उभी राहायची, दुसऱ्या महिन्यात कोणी राहीना.

चौदा पुरी झाल्यावर त्याने तिला मुंबईला पंधरा वर्षांखालच्या निवडीला नेलं. तिने टाकलेल्या सहा चेंडूंत दोन मुलींच्या यष्ट्या उडाल्या. मग टेबलापाशी दाखला पाहिला आणि तिला परत पाठवलं. दाखल्यावर ती सोळाची होती.

कोच हट्टी. तिची आई शपथेवर सांगत होती की पोर चौदाची. त्याने पाड्याच्या ग्रामपंचायतीत जाऊन जुनी वही उघडायला लावली. तिथे उपकेंद्रातल्या नर्सने घातलेली जन्माची नोंद सापडली. आईबापांना पत्ताही नव्हता की अशी नोंद आहे. त्याने त्या नोंदीचा दाखला मोठ्या आनंदाने क्रिकेट संघटनेकडे दिला, आणि तिथेच ती अडकली. संघटनेचा नियम असा की एका खेळाडूच्या दोन जन्मतारखा सापडल्या तर तो दोन वर्षं बाहेर. वय चोरणारे खेळाडू नेहमी असेच दुसरा, लहान वयाचा दाखला आणतात. नोटीस आली. पंधरा दिवसांत खुलासा करा, नाहीतर दोन वर्षं कुठलाही सामना खेळता येणार नाही आणि मैदानावर नेटलाही येता येणार नाही.

तेव्हा ते तिघं आमच्या घरी आले. मी त्याच वर्षी रिटायर झाले होते. तिच्या आईला मी खुर्ची दिली तरी ती बसली नाही. मुलगी दाराशी उभी, हाताला टेप गुंडाळलेली. बोलला कोचच, अर्धं हिंदी अर्धं मराठी. म्हणाला, "मॅडम, बच्ची चौदा साल की है. दो कागद हैं, त्यातला एक खोटा आहे. खोटा तुमचा आहे. इतनी सी बात लिखके दो."

तो माझ्या घरात येऊन माझ्या कागदाला खोटा म्हणतो याचाच मला आधी राग आला. मी म्हटलं, माझ्या सगळ्या नोकरीत माझ्या रजिस्टरवर कोणी बोट ठेवलेलं नाही. तो म्हणाला, आता ठेवलं आहे. निघताना मुलीची आई फक्त म्हणाली, "तुमी लिवलं, तुमीच पुसा."

तुम्हाला समजावं म्हणून सांगते की तेव्हा काय पणाला होतं. त्या मुलीची चौदा ते सोळा ही दोन वर्षं. कोचने मला नंतर एकदा भाजी बाजारात उभं करून समजावलं होतं, रागानेच, की फास्ट बॉलरचं अंग याच वर्षांत घडतं, पाऊल कसं पडावं, पाठ किती वाकावी हे याच वर्षांत कोणीतरी रोज बघावं लागतं. आणि माझ्या बाजूला होती माझी पेन्शनची फाईल. ती पंचायत समितीत टेबलाटेबलावर फिरत होती. मुद्दाम खोटी नोंद केली असं मी लिहून दिलं आणि ते कोणी तिथे पोचवलं, तर चौकशी लागते, आणि चौकशी लागली की फाईल थांबते. निदान आम्हाला तसं वाटत होतं.

आजोबांनी कोर्टात आयुष्यभर अर्ज वाचलेले. ते म्हणाले, "खोटं लिहू नकोस. पण सगळंही लिहू नकोस." त्यांनीच मसुदा केला. सदर विद्यार्थिनीची जन्मतारीख प्रवेशाच्या वेळी नजरचुकीने नोंदली गेली. 'नोंदली गेली', म्हणजे कोणी नोंदली तेही त्यात नाही. मी सुंदर अक्षरात उतरवून सही केली आणि तो कागद देऊन मोकळी झाले. मला वाटलं, माझं काम झालं.

संघटनेने मला सुनावणीला बोलावलं. आजोबा बरोबर आले, पण बाहेर बसले. आत लांब टेबल होतं. पलीकडे संघटनेचे साहेब, स्वतः पूर्वीचे खेळाडू, चष्मा कपाळावर. अलीकडे मी, कोच, ती आणि तिची आई. साहेबांसमोर माझं पत्र होतं आणि शाळेकडून मागवलेली रजिस्टरच्या पानाची झेरॉक्स.

माणूस सभ्य होता. त्याने झेरॉक्स माझ्याकडे फिरवली. म्हणाला, बाई, ही तुमची नोंद ना? हो म्हटलं. मग म्हणाला, "नजरचूक अशी दिसत नाही. घाईत लिहिलेलं कळतं, खोडलेलं कळतं. इथे पानभर एकच तारीख आहे आणि अक्षर छापल्यासारखं. इतक्या नीट कोणी चुकत नाही."

त्याने चष्मा खाली घेतला. पुढचं तो जे बोलला ते मला शब्दाशब्दाने आठवतं. "तुम्ही मुद्दाम लिहिलं असेल तर तसं सांगा. पाड्यावरच्या शाळांतून काय चालतं ते मलाही माहीत आहे. मुलीचा आणि घरच्यांचा दोष नाही असा शेरा मी मारतो आणि विषय संपवतो. फक्त तुमच्या तोंडून यायला हवं."

इतकं सोपं करून दिलं होतं त्याने. एक वाक्य. मुलगी माझ्या डावीकडे बसली होती आणि माझ्याकडे बघत होती. दुसरीत हात पुढे धरून बघायची तशीच. आणि मला, खरं सांगते, तिच्या त्या बघण्याचाही राग आला.

मी म्हटलं, "मी मुद्दाम लिहिलेलं नाही."

साहेबांनी दोन्ही कागद एकत्र करून फाईलला लावले. मग त्यांच्या दृष्टीने एकच अर्थ उरला. तिला सोळाची ठरवणारी शाळेतली नोंद खरी आणि मागाहून आणलेला पंचायतीचा दाखला बनावट. दोन वर्षं बंदी, आणि पुढे कधीही खेळली तर वय धरायचं ते माझ्या रजिस्टरातलं.

जिन्यावर कोच काहीतरी बोलत होता ते मी ऐकलं नाही. आजोबांनी विचारलं, काय झालं, मी म्हटलं, ठेवले कागद. परत येताना त्यांनी पुन्हा विचारलं नाही. त्यांना कळलं होतं.

आठ दिवसांनी तिची आई एकटी आली, गोदामाची शिफ्ट संपवून, गळ्यात ओळखपत्र तसंच. तिने दारातच सुरुवात केली. मी आत ये म्हटलं तर म्हणाली, न्हाय, हितंच बरी हाय. शेजारच्या खिडक्या उघडल्या ते मला दिसत होतं. मी तिला नेहमीच अगंतुगं करत आले, आणि ती मला तुमी, बाई. त्या दिवशीही तसंच चाललं होतं.

ती म्हणाली, पोर जेवत नाही, बॉल चुलीत घालायला निघाली होती. मी म्हटलं, मी शाळेत घेतलं नसतं तर तुझी पोर आज वीटभट्टीवर असती. त्यावर ती अगदी सावकाश म्हणाली, "तुमी तिला साळंत घेतली न्हाय बाई. तुमी तिला मोजायला घेतली."

मी दार लावलं. माझ्याच घराचं दार मी कोणाच्या तोंडावर लावलं अशी ती एकच वेळ.

पेन्शनचा आदेश चार महिन्यांनी आला. त्यानंतरच्या सोमवारी मी दुसरं पत्र लिहिलं, आजोबांना न विचारता. त्यात सगळं लिहिलं. पट, बदली, दहावी, दीड वर्ष. एक प्रत संघटनेला, एक शिक्षण खात्याला. संघटनेचं एका ओळीचं उत्तर आलं की प्रकरणी निर्णय झालेला आहे. शिक्षण खात्यातल्या साहेबांनी मला बोलावलं, चहा मागवला आणि म्हणाले, बाई, कशाला उकरता, तालुक्यात एक जूनशिवाय दुसरी तारीख आहे कुठे? माझं पत्र त्यांनी माझ्याच हातात परत दिलं. म्हणजे आधी लिहिलं असतं तरी मला काहीच झालं नसतं. ज्या भीतीपायी मी त्या मुलीची दोन वर्षं घालवली, ती भीती चहाच्या एका कपाची होती.

त्या दोन वर्षांत ती मानकोलीच्या त्याच गोदामात लागली, वय सोळाचं आहेच कागदोपत्री, तेवढं पुरलं. पार्सलं उचलायची, टेप लावायची. ड्युटी सुटली की गोदामामागच्या सिमेंटच्या मोकळ्या जागेत भिंतीवर खडूने यष्ट्या काढून बॉल टाकायची. कोच आठवड्यातून एकदा जायचा, बाकी दिवस ती एकटीच. त्या सिमेंटवर तिचा पुढचा पाय ताठ पडायची सवय लागली. पुढे नडगीच्या हाडाला चीर गेली, ती एकदा बरी झाली आणि पुन्हा गेली. डॉक्टरांनी सांगितलं, वाढत्या वयातली सवय आहे. कोचने तेही माझ्या नावावर टाकलं. मी त्याला विचारलं, सिमेंटवर टाक म्हणून मी सांगितलं होतं का? तो म्हणाला, गवतावर जाऊ नको म्हणून तुम्हीच सांगितलं होतं. त्याच्याशी बोलायचं मी त्यानंतर सोडलं.

बंदी संपली तेव्हा ती खरी साडेसोळाची आणि कागदावर अठराची. एकोणीसखालच्या संघात तिला एकच हंगाम मिळाला. त्या हंगामात तिने अशी गोलंदाजी केली की तिला थेट मोठ्या संघाच्या नेटवर बोलावलं. तिथे पहिल्याच आठवड्यात आपल्याच कर्णधाराच्या बरगडीवर चेंडू मारला आणि माफी मागितली नाही म्हणून तिला घरी पाठवलं. दोन महिन्यांनी परत बोलावलं, कारण तिच्याइतकं वेगात टाकणारी दुसरी नव्हती. मग राज्याचा संघ, मग नडगी, मग नऊ महिने घरी, मग पुन्हा शून्यापासून पाऊल टाकायला शिकणं, मग लीगचा करार. तुम्ही टीव्हीवर पाहिलीत ती ही. पडद्यावर तिच्या नावाखाली जे वय येतं ते माझं आहे. ती त्याहून दीड वर्षाने लहान आहे, आणि संघ जेव्हा म्हणेल की आता वय झालं, तेव्हाही ती दीड वर्षाने लहानच असेल.

मी तिचे सामने बघते. तिला चौकार बसला की मला थोडं बरं वाटतं. हे लिहायला नको होतं, पण बाकीचं लिहिलं तर हेही लिहायला हवं. ती विकेट घेते तेव्हा मी उठून स्वयंपाकघरात जाते. आजोबा म्हणतात, टीव्ही बंद कर ना मग. करत नाही.

या वर्षी पाड्यावरच्या शाळेने तिचा सत्कार ठेवला. आताच्या मुख्याध्यापिका तरुण आहेत, त्यांना यातलं काही ठाऊक नाही. त्यांनी मला पहिल्या शिक्षिका म्हणून आमंत्रण दिलं आणि शाल मी द्यावी असं ठरवलं. जाऊ नये हे मला कळत होतं. गेले. सरपंचांनी नारळ दिला तो तिने घेतला. माझी पाळी आली तेव्हा तिने दोन पावलं लांबूनच हात जोडले आणि जोडलेलेच ठेवले, शाल ठेवायला जागाच ठेवली नाही. मी शाल घडी करून परत टेबलावर ठेवली. लोकांना वाटलं, किती नम्र.

कार्यक्रम झाल्यावर तिने मला वर्गात बोलावलं. बोलावलं म्हणजे एका मुलीला पाठवलं, बाईंना सांग आत या म्हणून. आत जुनं रजिस्टर टेबलावर उघडं होतं आणि ती उभी. तिच्या मागे तीन मुली, चौदा-पंधराच्या, हाताला टेप. दारात त्यांतल्या एकीची आई. ती पाड्यावरच्या मुलींना सुट्टीत बॉलिंग शिकवते हे मी ऐकलं होतं.

तिने पानावर बोट ठेवलं. म्हणाली, "ह्या तिघी पण तुमच्याच अक्षरातल्या."

माझ्या नोकरीच्या शेवटच्या वर्षी घेतलेली मुलं होती ती. तिघींना एक जून. या वर्षी त्यांना निवडीला न्यायचं होतं, आणि एकीचा पंचायतीचा दाखला निघाला होता, वेगळ्या तारखेचा. हिला स्वतःसाठी काही नको होतं. ते संपलं होतं. तिला या तिघींसाठी लेखी हवं होतं, आधीच, नोटीस यायच्या आत.

मी म्हटलं, मला यांच्या खऱ्या तारखा माहीत नाहीत. मी विचारल्याच नव्हत्या.

"मग तेच लिहा," ती म्हणाली.

मी बाकावर बसले. मुलांचा बाक, गुडघे मावेनात. तिने कागद पुढे ठेवला आणि उभी राहिली, मी मुलांच्या मागे उभी राहायचे तशी. मी लिहिलं की या मुलीची जन्मतारीख मी कोणालाही न विचारता, पट भरण्यासाठी लिहिली, खरी तारीख मला माहीत नाही. पहिलीचं लिहिलं, दुसरीचं लिहिलं. तिसरीच्या वेळी दारातल्या आईला मी विचारलं, ही कधी झाली गं? इतक्या वर्षांत पाड्यावरच्या कुठल्याही आईला मी हे विचारायची ती पहिलीच वेळ होती. ती म्हणाली, "भाताची झोडणी चालली हुती बाई, खळ्यावरनंच मला नेली." मी मनात महिना धरून तारीख घालायला निघाले तर हिने कागदावर हात ठेवला. तारीख नको म्हणाली, त्यांनी सांगितलं तेवढंच लिहा. तेवढंच लिहिलं.

तिने तिन्ही कागद वाचले, अगदी तपासणीच्या साहेबासारखे, मुख्याध्यापिकांकडून शिक्के मारून घेतले आणि मुलींना घेऊन निघून गेली.

दोघींचे अर्ज संघटनेने घेतले. तिसरीचा अडला आहे. झोडणीचे दिवस ही तारीख होत नाही असं त्यांचं म्हणणं आहे. परवा मुंबईला सुनावणी आहे आणि मला बोलावलं आहे. आजोबांनी विचारलं, त्यांनी सरळ विचारलं तर काय सांगणार? मी म्हटलं, मुद्दाम लिहिलं म्हणून सांगणार. ते म्हणाले, मी येऊ का? नको म्हटलं. तुमची टीव्हीवरची बॉलरही येणार आहे, मानकोलीहून कोचच्या गाडीने. गाडीत जागा आहे असा तिच्या आईचा निरोप आला होता. मी एसटीने जाणार आहे.